पारवे

पारवा घुमला की घर ओस पडते, अशी एक समजूत आमच्याकडे आहे. माझ्या आईचे मत नेमके उलटे होते. घर आधी ओस पडते आणि मग पारवा येतो, असे ती म्हणे. आल्यावर तो बिचारा वस्तीच करतो, मग त्याला अपशकुनी का म्हणावे? आमच्या तेरच्या वाड्यापुरते तरी तिचे म्हणणे खरे ठरले. थोरले दोघे भाऊ पोटामागे लातूर-पुण्याकडे गेले, चुलत्यांचा सोपा रिकामा झाला आणि एकेका खोलीचा ताबा पारव्यांनी घेतला. तुळयांच्या बेचक्यांत, देवळ्यांत, माळवदाच्या आतल्या अंगाला त्यांचे संसार मांडले गेले. संसार म्हणजे तरी काय, चार काटक्या आणि त्यांवर दोन पांढरी अंडी! एवढे निष्काळजी बाळंतपण दुसऱ्या कुठल्या पाखराचे नसेल.

मूळचा हा पक्षी कड्याकपारींतला. माणसाने दगडाविटांची उंच घरे बांधली, तेव्हा त्याला त्याही कपारीच वाटल्या. आमच्या गावात अशा कपारींना तोटा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेतल्या प्रवासपुस्तकाने ज्या तगर पेठेचे नाव नोंदले, आणि जिथून गाड्या भरभरून कापड भडोचच्या बंदराला जाई, तेच हे तेर. त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ मुळात बौद्धांचा चैत्य असावे, असे जाणकार सांगतात. शेकडो वर्षे माणसे इथे विटा भाजत आली, मडकी भाजत आली. गोरोबाकाकांचे हे गाव; चिखल तुडवण्याला इथे जेवढा मान आहे तेवढा दुसरीकडे क्वचितच असेल.

आमच्या वाड्यातल्या पारव्यांना रोज सकाळी ओंजळभर ज्वारी टाकणारी माणूस म्हणजे माझी आक्का. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. एकविसाव्या वर्षी कपाळ पांढरे घेऊन माहेरी आली, ती इथलीच झाली. आधी पारव्यांना दाणे, मग तिचा चहा, हा चाळीस वर्षांचा क्रम. दाणे टिपून पाखरे उडाली की खराटा घेऊन ती अंगण झाडी, सोपे झाडी. उन्हाच्या तिरिपेत ती धूळ सोन्यासारखी दिसे. लहानपणी मी तिच्यात हात घालून मुठी मिटीत असे.

२०२२ च्या पावसाळ्यात तिला खोकला सुरू झाला. कोरडा, चिवट खोकला. बेडका नाही, ताप नाही. पुढे नदीकडून घरापर्यंतच्या चढाला ती दोनदा बसू लागली. कुणा एका डॉक्टरांनी फोटोवरचे डाग पाहून क्षय ठरवला. थुंकीत जंतू सापडला नव्हता, पण आपल्या मुलखात फुप्फुसावर डाग दिसला की पहिले नाव क्षयाचेच येते, आणि दहांपैकी पुष्कळदा ते बरोबरही असते. आक्काने सहा महिने गोळ्या घेतल्या, एक दिवस चुकवला नाही. लघवी लाल झाली, तोंडाची चव गेली, वजन उतरले; दम मात्र होता तिथेच राहिला.

शेवटी सोलापूरला छातीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी फोटो बाजूला ठेवला आणि आधी तिची बोटे पाहिली. नखे फुगून गोल झाली होती, बोटांची टोके टिपरीच्या टोकासारखी जाड झाली होती. रोज त्याच बोटांनी निवडलेली डाळ मी खात होतो आणि माझ्या ते लक्षात आले नव्हते. मग त्यांनी पाठीला नळी लावली आणि मलाही ऐकवले. प्रत्येक श्वासाच्या अखेरीला, अगदी तळाशी, बारीक चरचर. शाळेतली पोरे बुटांची चिकटपट्टी उकलतात ना, हुबेहूब तसा आवाज. ते ऐकून डॉक्टर खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "घरात पाखरं आहेत का हो, बाई?"

आक्काला वाटले, गप्पा मारताहेत. तिने कौतुकाने सांगितले, किती आहेत, कुठे बसतात, त्यांतले लंगडे कोणते.

छातीचा सीटी स्कॅन झाला, रक्तात पारव्याविरुद्धची प्रतिपिंडे तपासली गेली, आणि रोगाला नाव मिळाले: हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. पाखरांच्या विष्ठेतल्या आणि पिसांवरच्या भुकटीतल्या प्रथिनांशी फुप्फुसाचे वैर. त्या वैरातून पडलेले वण. डॉक्टरांनी सांगितले, पाखरे सोडा. पाखरे जात नसतील तर घर सोडा.

परतीच्या एस.टी.त आक्का खिडकीशी बसली होती. बराच वेळ गप्प होती. मग तिने दोन प्रश्न विचारले. "आरं मास्तर, चाळीस वर्षं झाली दाणं टाकाय. एवढ्या वर्षांत न्हाई झालं ते आत्ताच कसं झालं?" आणि थोड्या वेळाने, "तू बी त्याच घरात ऱ्हातुस की. मग मलाच का?"

मी भाषेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिक, कादंबऱ्या लिहितो, त्यांत माणसे मरतात, पण कशाने मरतात ते मी दोन ओळींत उरकतो. आक्काच्या प्रश्नांना तसे उरकता येईना. पुढच्या खेपांना डॉक्टरांना विचारले, त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे चित्रे काढून दाखवली; आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांना रात्री-अपरात्री छळले. त्यातून मला जे उमगले ते असे.

आपल्या छातीत तीस ते पन्नास कोटी वायुकोश आहेत. सगळे उकलून पसरले तर साताठशे चौरस फुटांची चटई होईल. एकीकडे हवा, दुसरीकडे रक्त, आणि मधली भिंत केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ. एवढ्या पातळ भिंतीतून प्राणवायू पलीकडे जातो. भिंतीचा बहुतेक भाग चपट्या, पसरट पेशींनी सारवलेला असतो. त्यांच्या अधूनमधून दुसऱ्या ठेंगण्या पेशी असतात. वायुकोश मिटू नये म्हणून त्या एक स्निग्ध द्रव पाझरतात, आणि चपटी पेशी मेली की विभागून तिची जागा भरून काढतात. घरातल्या राबत्या बाईसारख्या. कोणाच्या लक्षात येत नाहीत आणि त्या थकल्या की घर बसते.

पारव्याच्या पिसांवर मेणासारखी बारीक भुकटी असते. तिचे कण इतके लहान की नाकातले केस, घशातला ओलावा सगळे चुकवून ते थेट वायुकोशात उतरतात. विष्ठा वाळून तिची धूळ झाली की तीही तशीच. त्यांवर पाखराची प्रथिने चिकटलेली असतात. मौज अशी की त्यांतली काही त्या पाखराचीच प्रतिपिंडे असतात. त्याच्या शरीराने स्वतःच्या रक्षणासाठी घडवलेली हत्यारे आपल्या छातीत येऊन पडतात, आणि आपले शरीर त्यांच्याविरुद्ध स्वतःची हत्यारे घडवू लागते. त्यांत विष काही नाही. पारव्याने आक्काला काहीही केलेले नाही, हे मी मुद्दाम लिहितो.

वायुकोशात गस्त घालणाऱ्या भक्षक पेशी हे कण गिळतात. दुसऱ्या काही पेशी त्यांचे तुकडे जवळच्या गाठींत नेऊन तिथल्या टी-पेशींना दाखवतात: हा पाहा, हा आपला नव्हे. बहुतेक माणसांत इथे गोष्ट संपते. शरीर म्हणते, नसेल आपला, पण त्रासही देत नाही, राहू दे. पाखरे पाळणाऱ्या पुष्कळ धडधाकट माणसांच्या रक्तातही पारव्याविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात. त्यांना काडीचा आजार नसतो. थोड्यांत मात्र ही सहनशीलता मोडते. प्रतिपिंडे आणि परकी प्रथिने यांच्या गुठळ्या होतात, पांढऱ्या पेशी धावत येतात, आणि मागोमाग टी-पेशींची गर्दी लोटते. निरोगी फुप्फुस धुऊन पाहिले तर शंभर पेशींत दहा-पंधरा लिंफोसाइट सापडतात. ह्या रोगात तीस-चाळीस, कधी त्याहूनही पुष्कळ अधिक.

मग भक्षक पेशी एकमेकींना बिलगून लहान लहान गाठी बांधतात. क्षयातही अशाच गाठी होतात. तिथे गाठीला अर्थ असतो: आत जिवंत जंतू आहे, त्याला कोंडायचे आहे. इथे कोंडायला कोणीच नाही. रिकाम्या खोलीभोवती उभा राहिलेला पहारा तो.

पाखराचा खुराडा एकदम झाडला, पुष्कळ धूळ एकदम गेली, तर चार ते आठ तासांत थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, दुसऱ्या दिवशी उतरतो. तसे झाले असते तर बरे, असे डॉक्टर म्हणाले. माणूस सावध होतो. आक्काला रोज चिमूटभर धूळ मिळत गेली. तिला ताप आलाच नाही. तिच्या छातीत आतल्या आत, आवाज न करता, भिंत रोज थोडी खरचटत राहिली आणि रोज थोडी दुरुस्त होत राहिली.

वण पडतात ते ह्या दुरुस्तीतून. मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट हीच वाटली. त्या ठेंगण्या पेशी पुन्हा पुन्हा विभागून दमतात. विभागणीगणिक पेशीतल्या गुणसूत्रांची टोके झिजतात, वयानुसारही झिजतात, आणि पार झिजली की पेशी म्हातारी होते. मरत नाही, कामही करत नाही. २०२० च्या सुमारास फुप्फुसातल्या एकेका पेशीचे निरनिराळे वाचन करण्याची युक्ती हाती आली, तेव्हा वणांच्या काठावर काही चमत्कारिक पेशी दिसल्या: ठेंगणेपण सोडलेल्या, पण चपटी होण्याच्या वाटेवरच अडकलेल्या. ह्या अर्धवट पेशी हाका मारत राहतात. त्यांच्या हाकेला टीजीएफ-बीटा म्हणतात. भक्षक पेशींतलाही एक जथा त्या हाकेत सूर मिसळतो. ती ऐकून भिंतीतल्या फायब्रोब्लास्ट पेशी जाग्या होतात. स्नायूत असतात तसे आखडणारे तंतू अंगात घेतात, कोलॅजेन विणतात, जखमेचे काठ ओढून धरतात. विळा लागल्यावर आपल्या बोटाची जखम भरते ती असल्याच पेशींमुळे. फरक एवढाच, की बोटात काम झाले की त्या आपण होऊन मरतात. इथे मरत नाहीत. आणि त्यांनी विणलेले कोलॅजेन जसजसे ताठ होते, तसतसा तो ताठपणाच त्यांना पुन्हा चेतवतो.

हे सगळे आक्काला सांगितले तेव्हा तिने एकच विचारले, "म्हंजी गवंडी घरातनं हलंना, असंच ना?" तसेच. भिंत बांधून झाली, तरी गवंडी गिलावा चढवतोच आहे. खिडक्या लिंपल्या, दारेही लिंपत आणली. मालकाने थांब म्हणायचे, तर मालकाचा आवाज त्याला ऐकू जात नाही. गवंडी येतात कुठून, ह्यावर अजून वाद आहे. बहुतेक तिथलेच रहिवासी. काही अस्थिमज्जेतून रक्तावाटे येत असावेत. ठेंगण्या पेशीच रूप पालटून गवंडी होतात, असे एके काळी फार बोलले जाई. आता त्यावर तेवढा भरवसा कोणी ठेवत नाही.

तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ह्यात आले, असे मी धरतो. चाळीस वर्षे पारव्यांनी घेतली नाहीत, दुरुस्तीने घेतली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक अवघड. काही घराण्यांत कफाच्या प्रथिनाच्या एका जनुकाचा, एमयूसी-५बी त्याचे नाव, वेगळा प्रकार असतो, त्यांत फुप्फुसाला वण पडण्याची ओढ असते; पण आम्ही दोघे एकाच आईची. गुणसूत्रांची टोके कोणाची आखूड, कोणाची लांब. एखादा साधा विषाणूचा ताप येऊन सहनशीलतेचा तोल घालवून जातो, असेही म्हणतात. विडी ओढणाऱ्यांत हा रोग कमी दिसतो ही तर विचित्रच गोष्ट. पण विडीने त्यातून पुण्य कमावले असे नाही, कारण ओढणाऱ्याला झाला तर तो अधिक वाईट वळण घेतो. हे सारे खरे असेल. मला मात्र दुसरे एक उत्तर रोज डोळ्यांसमोर दिसते: मी दहाला शाळेत जात होतो, आणि अंगण ती झाडत होती.

ह्या रोगाची ओळख माणसाला तशी जुनी आहे. इटलीतल्या रामाझ्झिनीने १७१३ साली धान्य चाळणाऱ्यांचा दम आणि खोकला लिहून ठेवला. आमच्या खळ्यांवर उफणणीच्या दिवसांत तो खोकला मी लहानपणापासून ऐकला आहे. १९३२ मध्ये इंग्लंडात बुरसट गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा आजार नोंदला गेला, आणि १९६५ मध्ये अमेरिकेत कबुतरे पाळणाऱ्यांचा. आपल्याकडचे मोजमाप प्रसिद्ध झाले ते २०१७ साली: १९ शहरांतल्या २७ केंद्रांत फुप्फुसाच्या भिंतीचे आजार असलेले १०८४ रोगी पाहिले, तेव्हा त्यांतल्या ४७ टक्क्यांना हाच रोग निघाला. आणि त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांच्या घरी पाखरे असोत नसोत, एअर कूलर होता! गवताच्या ओल्या ताट्यांवर बुरशी धरते आणि पंखा ती घरभर फुंकतो. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात कूलर नसलेले घर शोधावे लागेल. पारव्यांना दोष देताना आम्ही वाड्यातला कूलर चालूच ठेवला होता. डॉक्टरांनी विचारले तेव्हा तोही गेला.

घर सोडायला आक्का तयार नव्हती. पाखरे हाकलायला तर मुळीच नव्हती. "माझ्या मागं आल्यात, मी त्यांच्या मागं न्हाई," असे काहीतरी ती बोलत राही. शेवटी मी वेशीबाहेर, शाळेच्या बाजूला दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि २०२३ च्या दिवाळीत तिला तिथे नेले. तिची गोधडी, उशा, लुगड्यांची पेटी काहीही नेऊ नये असे सांगण्यात आले, कारण पाखरे गेली तरी त्यांची प्रथिने घरातल्या धुळीत दीड-दीड वर्ष टिकलेली आढळली आहेत. गोधडी आईच्या लुगड्यांची होती. ती मागे राहिली. त्या दिवशी आक्का रडली ती गोधडीसाठी.

स्टेरॉइडने पहिल्या चार महिन्यांत खोकला निम्म्याने कमी झाला. डॉक्टरांनी समजावले: जिथे नुसती सूज आहे ते परत येईल, जिथे वण पडला ते येणार नाही. तेरच्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. न भाजलेले मडके पाण्यात टाकले तर त्याचा पुन्हा चिखल होतो. भाजलेल्याचे फार तर खापर होते. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी वाजवली आणि कच्चे मडके कोणते ते सांगितले, ही कथा आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो. त्या कथेत कच्चे ठरणे ही नामुष्की आहे. आक्काच्या छातीत कच्चे जेवढे अधिक निघेल तेवढे बरे, असे मनात म्हणत मी स्कॅनची वाट पाहिली. कच्चे कमीच निघाले.

आता तिला निंटेडॅनिब आहे. २०१९ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसले की ह्या तऱ्हेच्या वाढत्या वणांचा वेग ते मंद करते. गवंड्यांचे कान ते थोडे बधिर करते म्हणावे. बांधलेले पाडत नाही. जुलाब मात्र होतात, आणि आक्काला त्या जुलाबांचीच तक्रार अधिक.

२०२५ च्या जुलैत मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायचे असे सरकारने विधान परिषदेत सांगितले, तेव्हा ती रोज संध्याकाळी बातम्या लावून बसू लागली. ऑगस्टात दादरचा कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला. ६ तारखेला जमावाने ताडपत्र्या ओढून काढल्या. उच्च न्यायालयाने माणसाच्या आरोग्याचे महत्त्व बजावले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायचे नाकारले. पडद्यावर एका बाजूला भूतदया बोलत होती, दुसऱ्या बाजूला फुप्फुसे. मला वाटले होते, आक्का दाणे टाकणाऱ्यांची कड घेईल, नाहीतर स्वतःच्या दुखण्यामुळे त्यांना शिव्या देईल. ती दोन्ही ऐकत होती. मग तिने विचारले, "हे एवढे दाणं टाकत्यात, खरं. मागनं झाडतं कोण तिथं?"

मला सांगता आले नाही. बातम्यांत तो माणूस दाखवला नव्हता.

वाड्यात अजून पारवे आहेत. दाणे कोणी टाकत नाही, तरी ते गेलेले नाहीत; शेतात खातात आणि तुळईवर येऊन निजतात. महिन्यातून एकदा मी तोंडाला फडके बांधून आत जातो, कोनाड्यातला दिवा पुसतो, झाडत काही नाही, आधी पाणी शिंपडतो आणि ओल्या पोत्याने ओढून घेतो. घरी येण्यापूर्वी शाळेच्या हौदावर अंघोळ करतो, कपडे तिथेच पिळतो. तरी आक्काला कळते. दारातच विचारते, "लंगडं हाय का अजून?" आहे म्हणून सांगतो. पाखरू चाळीस वर्षांपूर्वीचे नव्हे, लंगडे दरवेळी नवेच असते, हे तिलाही ठाऊक आहे.

पुढचा स्कॅन फाल्गुनात आहे.